दोष कोणाच्या पदरीं घालावा?

अकोले तालुक्यांतील राजूर हें डोंगराळ मुलुखांतील बाजाराचें गांव आहे. भोंवतालच्या महादेव कोळी व ठाकर लोकांचीं पुष्कळ मुलें आश्रमशाळांत शिकतात. अशा शाळेंतील बारा वर्षांच्या मुलाच्या खिशांत तंबाखूची पुडी सांपडली, तर गुरुजींनीं काय करावें? पुष्कळांचें उत्तर असें कीं, त्याचें नांव काढून टाकावें, म्हणजे इतर मुलें बिघडणार नाहींत. हें न्यायाचें आहे काय, याचा आपण विचार करूं.

प्रथम, हें व्यसन मुलानें आपखुशीनें पत्करिलें काय? सन २०१९ मध्यें आपल्या देशांत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यांत शंभरांपैकीं सुमारें साडेआठ जण तंबाखू घेणारे आढळले. आणि ती खाणाऱ्या वा लावणाऱ्यांपैकीं निम्म्यांहून अधिकांनीं वयाच्या दहाव्या वर्षापूर्वींच आरंभ केला होता. नऊ वर्षांचें मूल विचार करून व्यसन धरीत नाहीं. बाप पुडी आणावयास दुकानीं धाडितो, आजी मिश्री लावितांना बोटभर देते, मजुरीवर कोणी भूक मारण्यास चिमूट पुढें करितो.

दुसरें, व्यसनानें शाळा कशी सुटते? न्यूझीलंडांतील ख्राइस्टचर्च येथें १९७७ सालीं जन्मलेल्या १,२६५ मुलांची हकीकत विद्वानांनीं वर्षानुवर्षें टिपून ठेविली. लहानपणीं गांजा ओढूं लागलेलीं मुलें परीक्षा उत्तीर्ण न होतां शाळा सोडितात, असें त्यांस अधिक दिसलें. याचें कारण गांजानें बुद्धि मंदावली इतकेंच नसून, ज्या सोबतींत तो ओढिला जातो ती सोबतच मुलांस शाळेपासून दूर नेते, असा त्यांचा तर्क आहे.

मग नांव काढून आपण काय साधितों? त्या मुलास त्याच सोबतीच्या हवालीं करितों. आपला कायदा याहून शहाणा आहे. २००३ च्या कायद्यानें शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास मनाई आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें मुलास दारू वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. शिक्षा देणाऱ्यास आहे, घेणाऱ्या बालकास नाहीं.

कोणी म्हणेल, मग शिस्त कशी राहील? शिस्त अवश्य असावी. पुडी जप्त करावी, आईबापांस बोलावून आणावें, दुकानदारास जाब विचारावा. परंतु मुलास वर्गांतच बसवावें. आणि वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे कीं, मुलाच्या हातीं पैसे देऊन तंबाखूस धाडणें त्यांनीं आजपासून सोडावें. ज्या हातांनीं ती वाट दाखविली, त्यांनींच ती बंद केली पाहिजे.