अर्धी काठी

दूधवाल्याचा आणि आमचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो. जादा अर्धा लिटर घेतलं की तारखेवर टिंब, दूध नको असलं की फुली. त्याच्याकडे त्याची डायरी. गेल्या महिन्यात दोन दिवसांचा फरक निघाला. मी म्हणत होतो, फुली आहे. तो म्हणत होता, ‘पिशवी दाराला अडकवली होती, साहेब.’ शेवटी एक दिवस त्यानं सोडला, एक मी. पैसे खिशात घालत तो म्हणाला, ‘चला, टॅली झालं!’

टॅली. दुकानात, बँकेत, सोसायटीच्या सभेत आपण हा शब्द दिवसातून दहादा वापरतो. टॅली म्हणजे मुळात एक काटकी होती, हे त्याला सांगावं असं वाटलं, पण त्याला पुढच्या इमारतीत जायचं होतं.

बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये परगण्यापरगण्याचे शेरीफ ईस्टरला आणि मायकलमसच्या सणाला राजाच्या खजिन्यात वसूल भरायला येत. समोर दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज आणि त्यावर रेघा आखलेलं काळं कापड. त्या चौकटींत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी चाले. दिसायला बुद्धिबळाचा पट, म्हणून त्या कचेरीचं नावच ‘एक्स्चेकर’ पडलं. ते अजून तिथल्या अर्थमंत्र्याच्या पदनामात आहे. पैसे भरले की पावती मिळे, ती मात्र लाकडाची.

रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदारानं ११७०च्या दशकात या कचेरीवर एक पुस्तक लिहायला घेतलं. शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो, अगदी आपल्या पोथ्यांसारखं. त्यात काठीवर खाचा कशा पाडायच्या तेही आहे. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीएवढी. शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी. एका पौंडाची खाच टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी, शिलिंगाची त्याहून बारीक. आणि एका पेनीसाठी लाकूड काढायचंच नाही, नुसता सुरीचा चरा. तराजू नको, आकडे नकोत. तळहात सगळ्यांनाच असतो, जवाचा दाणाही सगळ्यांच्या ओळखीचा.

खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. मूठ असलेला लांब भाग पैसे भरणाऱ्याला, आखूड भाग खजिन्यात. पुढं कधी वाद झालाच, तर दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघायचे. आपल्या अर्ध्यावर कुणी गुपचूप एखादी खाच वाढवली, तर दुसऱ्या अर्ध्यावर ती कुठून येणार? आणि दुसरी काठी आणून तशीच कापली, तर लाकडाच्या रेषा जुळायच्या नाहीत. झाडानंच सही केलेली!

मला यात गंमत वाटते ती अशी, की हा पुरावा कुणा एकाच्या हातात पुरा नसतो. मी कितीही जपून ठेवला, तरी तो अर्धाच. तो खरा ठरवायला मला ज्याच्यावर भरवसा नाही, त्याच्याच दारात जावं लागतं. माझं कॅलेंडर आणि दूधवाल्याची डायरी यांचं हे दुखणं होतं. दोघांकडे अख्खं खरं होतं.

कातड्यावर लिहिताना इंग्रजांनी हीच युक्ती वापरली. एकाच कातड्यावर करार दोनदा लिहायचा, मधल्या जागेत मोठ्या अक्षरांत एखादा शब्द लिहायचा आणि तो शब्द मधोमध नागमोडी कापायचा. काप बहुधा दात्यादात्यांचा. दात्यांवरून अशा दस्ताला ‘इंडेंचर’ म्हणू लागले. मुंबईतल्या जुन्या इंग्रजी खरेदीखतांची सुरुवात याच शब्दानं होते. कागद मात्र सरळ कडांचा असतो. दात गेले आणि नाव राहिलं.

मग दोघांच्या या मामल्यात तिसरा आला. कँटरबरीचे आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर बाराव्या शतकाच्या शेवटी राजाचे न्यायप्रमुख होते. त्यांच्या हुकमानं दोनाऐवजी तीन नकला लिहायची रीत पडली. दोन शेजारीशेजारी आणि तिसरी त्यांच्या पायाशी आडवी. वरच्या दोन नकला दोन पक्षांना, तळाचा तुकडा राजाच्या खजिन्यात. या तुकड्यांना नावच ‘फूट’, म्हणजे पाय. अशा पहिल्या दस्ताची तारीख १५ जुलै ११९५, आणि त्यातला एक पक्षकार म्हणजे आर्चबिशपांचे सख्खे भाऊ थिओबाल्ड. नव्या सोयीचा पहिला लाभ घरात, ही रीतही जुनीच म्हणायची.

यात एक नाटकही होतं. जमीन विकत घेणारा विकणाऱ्यावर ठरवून दावा लावायचा. भांडण बहुधा मुळी नसायचंच. मग राजाच्या कोर्टात ‘तडजोड’ व्हायची, फी भरली जायची आणि ती तडजोड तीन तुकड्यांत लिहिली जायची. म्हणजे आज आपण दस्तनोंदणीला जे करतो, ते करायला त्यांना आधी खोटं भांडावं लागे. हा प्रकार १८३३मध्ये कायद्यानं बंद होईपर्यंत सहाशेहून अधिक वर्षं चालला. पक्षकारांकडच्या नकला उंदरांनी, ओलीनं, वारसांनी बहुतेक संपवल्या. तळाचे तुकडे मात्र लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मोठ्या संख्येनं आहेत.

हा तिसरा तुकडा ठेवण्यात राजाचा काय फायदा? फी तर होतीच. पण दुसरी गोष्ट काळीकुट्ट आहे. मार्च ११९०मध्ये यॉर्क शहरात जमावानं ज्यूंना वेढलं. ते किल्ल्याच्या लाकडी मनोऱ्यात शिरले होते. पुष्कळांनी आत स्वतःचाच अंत करून घेतला. जे अभय मिळेल म्हणून बाहेर आले, त्यांना मारून टाकलं. तिथून जमाव गेला तो थेट तिथल्या मोठ्या चर्चमध्ये. तिथं ज्यूंचे कर्जरोखे ठेवायला दिलेले होते. ते राखणदारांकडून हिसकावून चर्चच्या फरशीवरच जाळले. पुढाऱ्यांत रिचर्ड मॅलबिस होता, आणि तो स्वतः ज्यूंचा देणेकरी होता. त्या शेकोटीकडे बघितलं की धर्मवेडाच्या आतली हिशेबाची वही दिसू लागते.

ज्यू सावकार मेला की त्याच्या येण्यांवर राजा हक्क सांगे. म्हणजे जळाले ते राजाचेही पैसे. चार वर्षांनी, ११९४मध्ये, फर्मान निघालं, की ज्यूंचं कर्ज ठरावीक शहरांतच, नेमलेल्या माणसांसमोर लिहायचं आणि दस्त मधून कापायचा. एक भाग सावकाराकडे, एक सरकारी पेटीत. पेटीला तीन कुलपं. एक किल्ली दोन ज्यूंकडे, एक दोन ख्रिश्चनांकडे, एक राजाच्या कारकुनांकडे. रचना वाचून क्षणभर वाटतं, काय न्यायी व्यवस्था! पण कुणाकडे किती येणं आहे हे राजाला आता या पेटीतून नेमकं कळू लागलं, आणि ज्यूंवर जबर पट्टी बसवायची वेळ आली की याच पेट्या उपयोगी पडत. १२९०मध्ये पहिल्या एडवर्डनं सगळ्या ज्यूंना देशाबाहेर घालवलं. त्यांची राहिलेली येणी राजाच्या खात्यावर गेली. पेटीनं रोखे राखले, माणसं राखली नाहीत.

हे वाचताना मराठी माणसाला सुपे आठवतंच. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या त्या गावी कर्जानं पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे बाहेर काढून जाळले, आणि ते लोण गावोगाव पसरलं. यॉर्कची आणि सुप्याची जात वेगळी. इथं रोख कागदांवर होता, माणसांच्या जिवावर फारसा उठला नाही. पण पुढं सरकारनं काय केलं बघा. १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि त्यात, शेतकऱ्याचा दस्त सरकारनं नेमलेल्या ग्राम-निबंधकासमोरच लिहायचा, अशी तरतूद होती. रोखे जळाले, की सरकारला नोंदणी सुचते.

लाकडी काठ्यांचं पुढं काय झालं, ते इंग्रज लोक जरा ओशाळून सांगतात. १८२६मध्ये त्या बंद झाल्या. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ला पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांत घातल्या, आणि त्या आगीत पार्लमेंटची इमारतच गेली. गरिबांना सरपणाला वाटल्या असत्या तरी चाललं असतं.

माझं मन मात्र त्या आगीपेक्षा एका साध्या रेघेत अडकलं आहे. फिट्झनीलच्या पुस्तकात आहे, की खजिन्याच्या नोंदी मेंढीच्या कातड्यावरच कराव्यात, कारण त्यावरचं अक्षर खरवडलं की डाग दिसतोच. पुढं तेराव्या शतकात राजाच्या दफ्तरात ‘क्लोज रोल’ नावाच्या गुंडाळ्या होत्या. त्यांच्या पाठीवर लोक आपापलं कर्ज कबूल करून लिहवून घेत. अमक्याला इतके पौंड देणं आहे, मुदतीत दिलं नाही तर माझ्या अमुक परगण्यातल्या जमिनीतून वसूल करावं. पैसे फिटले आणि सावकारानं तसं सांगितलं, की कारकून ती नोंद खोडायचा. खरवडायचा नाही. अक्षरांवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढायचा, खिडकीच्या जाळीसारख्या. लॅटिनमध्ये अशा जाळीला जो शब्द आहे त्यातूनच ‘कॅन्सल’ आला. बँकेच्या कामांत कॅन्सल केलेला चेक मागतात, त्यावर आपण ओढतो त्या तिरक्या रेघा याच घराण्यातल्या.

मेंढीचं पिवळट कातडं, कडेला ओल लागून सुरकुतलेलं. त्यावर तपकिरी शाईत कुणा शेतवाल्याचं नाव, त्याचं देणं, परत करायचा दिवस, आणि वरून जाळी. डोळे जरा जवळ नेले, तर सगळं वाचता येतं.