गैरसोय कुणाची जास्त?

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज भागातल्या जुन्या भाडेकरूंकडे एक पत्र्याची पेटी हमखास असायची. तीत रेशनकार्ड, लग्नपत्रिका आणि परत आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या. मालकाने भाडं हातात घेणं बंद केलं की भाडेकरू मनीऑर्डर करायचा. ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायची आणि पेटीत जाऊन बसायची. भाडं द्यायला आपण तयार होतो, हे उद्या कोर्टात तीच सांगणार, एवढं कायद्याचं शिक्षण त्या पिढीला होतं.

आता ते उरलेलं नाही. वकिलाची नोटीस आली, तीत 'पंधरा दिवसांत जागा खाली करून शांततेने ताबा द्यावा' असं वाचलं की माणसं सामान बांधायला लागतात. नोटीस म्हणजे मालकाची मागणी. भाडेकरूला बाहेर काढायचा हुकूम फक्त कोर्टाचा. मराठवाड्यात आधी १९५४चा हैदराबाद घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २०००पासून सगळ्या राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. भाडं थकलं असेल, तरी लेखी मागणीनंतर नव्वद दिवस थांबल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत थकबाकी, १५ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, तर त्या कारणासाठी घर जात नाही.

मला या कायद्यातलं सगळ्यात माणुसकीचं कलम वाटतं ते सोळावं. मालक म्हणतो, जागा मला स्वतःला हवी आहे. गरज खरी ठरली तरी न्यायाधीशाला आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो: ताबा दिल्याने जास्त हाल होतील की नाकारल्याने? दोघांपैकी कुणाला दुसरी जागा आहे, हेही बघायचं. भागत असेल तर जागेच्या काही भागाचाच ताबा द्यायचा. शिवाय गरजेचं कारण सांगून घर घेतलं आणि वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलं, तर जुना भाडेकरू परत यायला कोर्टात जाऊ शकतो.

पण हा प्रश्न आज शहरात किती जणांच्या वाट्याला येतो? बेगमपुऱ्यात खोली घेऊन विद्यापीठात शिकणारी पोरं, बजाजनगर-रांजणगावात राहून वाळूजच्या कंपन्यांत जाणारे कामगार, सिडकोतली नोकरदार कुटुंबं, यांतले बहुतेक जण अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर. कायद्याच्या लेखी ते भाडेकरूच नव्हेत. मुदत संपली की कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तिथे कुणाचे हाल जास्त, हा विषयच निघत नाही. मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट दराने भरपाई. म्हणजे ज्याच्या पाठीशी कायदा सगळ्यात कमी उभा आहे, त्याच्याबाबतीत मालकाच्या सद्सद्विवेकाचं काम सगळ्यात जास्त. बारावीची परीक्षा तोंडावर आहे का, घरात बाळंतीण आहे का, हे विचारणारं दुसरं कुणी नाही.

मालकाची बाजू नाही असं नव्हे. जुन्या गोठवलेल्या भाड्यात घराची डागडुजीही निघत नसे. मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यातली अशी गोठवणूक अवाजवी झाल्याचं सर्वोच्च न्यायालयानेच १९९७मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं. वरच्या मजल्याच्या भाड्यावर म्हातारपण काढणाऱ्या मालकाला 'घर बळकावतील' ही धास्ती वाटते, तीही उगाच नाही. पण त्या धास्तीवर जो उपाय सर्रास केला जातो, तो मात्र नीच आहे. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येण्याची सवय झालेल्या या शहरात वरच्या टाकीचा कॉक बंद करायचा! नोटीस लागत नाही, वकील लागत नाही; तिसऱ्या दिवशी बाई लेकरांना घेऊन माहेरी जाते. कलम २९ भाडेकरूचं पाणी, वीज असं तोडायला मनाई करतं. आणि कुलूप बदलणं? शांतपणे ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा हक्क संपला असं धरलं तरी, मालकाने कायद्याच्या मार्गानेच काढावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९चा निकाल आहे.

मालकांनो, नोटीस लिहायला सांगण्याआधी सोळाव्या कलमातला तो प्रश्न स्वतःला विचारा, करार कोणताही असो. मुदत संपणार असेल तर दोन महिने आधी तोंडाने सांगा. करार नोंदवून घ्या. कलम ५५ने ती जबाबदारी तुमच्यावरच टाकली आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आणि ज्यांच्या दारात पाकीट आलंय त्यांनी ते नाकारू नये, तारीख टिपून ठेवावी, भाडं बँकेतून पाठवत राहावं आणि वकिलाकरवी उत्तर द्यावं. वकिलाला पैसे नसतील तर अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो.