बर्फ आहे का?

गुलमर्गला जायचं ठरलं की महाराष्ट्रातलं कुठलंही कुटुंब फोनवर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतं. हॉटेलचं भाडं, गाडी, जेवण हे सगळं नंतर. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, रजाही तेव्हाच मिळते, आणि बर्फ तोवर परतीच्या वाटेला लागलेला असतो. म्हणून हा प्रश्न विचारताना आवाजात थोडी धाकधूक असते.

मीही विचारला होता. एप्रिलचा दुसरा आठवडा, सोबत आई-बाबा. पलीकडून उत्तर आलं, "है ना सर, बहुत है."

पोहोचलो तेव्हा गुलमर्गचं कुरण अर्धं तपकिरी आणि अर्धं ओलं हिरवं होतं. देवदारांच्या सावलीत मळकट बर्फाचे ढिगारे उरले होते. आपल्याकडे रस्ता खोदल्यावर कडेला मुरूम पडलेला असतो, तसे. मी गाडीवाल्याकडे पाहिलं. त्याने हसून वर बोट दाखवलं. वर अफरवटचा डोंगर पांढराशुभ्र उभा होता.

म्हणजे बर्फ होता. फोनवरचा माणूस खोटं बोलला नव्हता.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, म्हणजे ३,१०० मीटरच्या आसपास नेतो. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जरा खाली सोडतो. वसंतात बर्फाची रेषा रोज थोडी थोडी वर सरकत असते. आम्ही गेलो तेव्हा कोंगडोरीला बर्फ होता, पण दुपारी त्यात बूट घोट्यापर्यंत रुतत होते. खरा भरघोस बर्फ दुसऱ्या टप्प्यावर होता. तिथे हवा विरळ असते, वारा वाढला की गोंडोला बंद होतो, आणि माझ्या आईला दमा आहे. ती कोंगडोरीला शाल गुंडाळून खुर्चीवर बसली आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही या जाऊन." बर्फ होता, पण तिच्यासाठी नव्हता.

प्रश्न असा पडतो, की खरं वाक्य बोलून एखाद्याला फसवता येतं का? आणि येत असेल, तर दोष कुणाचा?

पहिला राग त्या फोनवरच्या माणसाचा येतो. पण त्याच्या बाजूने पाहिलं की राग टिकत नाही. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलां' म्हणतात. हिवाळ्याचा हा सगळ्यात कडक काळ. या दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि पुढे बराच काळ टिकतो. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलांमध्ये, गुलमर्ग जवळजवळ कोरडं पडलं होतं. उघड्या तपकिरी उतारांचे फोटो देशभर फिरले. २०२५ मध्ये बर्फ पुरेसा नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. स्लेज ओढणारा, घोडेवाला, बूट भाड्याने देणारा, चहाची टपरी चालवणारा, या सगळ्यांचं वर्ष त्या काही आठवड्यांवर चालतं. अशा माणसाला एप्रिलमध्ये कुणी विचारलं "बर्फ आहे का?" तर तो "वर आहे" यातला "वर" गिळून टाकतो. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

पण हा मामला फक्त गरजेचा असता तर सोपं होतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधले दोन अर्थतज्ज्ञ, जोनाथन झिन्मन आणि एरिक झिट्झेविट्झ, यांनी उत्तर अमेरिकेतल्या स्की रिसॉर्टच्या बर्फाच्या बातम्या तपासल्या. नवा बर्फ किती पडला हे तिथे रिसॉर्ट स्वतःच जाहीर करतात. शनिवार-रविवारी हे आकडे आठवड्यातल्या इतर दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त निघाले. संशोधनाच्या सुरुवातीच्या मसुद्यात हा फरक २३ टक्के दिला होता. आता ढगांना वार कळत नाही. सरकारी हवामान केंद्रांच्या नोंदींत शनिवार-रविवारची अशी उडी नव्हती. ज्या रिसॉर्टना गर्दी ओढून जास्त फायदा होण्यासारखा होता, तिथे फुगवटाही जास्त होता. ही टपरीवाली माणसं नव्हती, कोट्यवधींची उलाढाल असलेले उद्योग होते. तेव्हा "बिचारे पोटासाठी बोलतात" एवढ्याने विषय संपत नाही. पोट भरलेलं असलं तरी जीभ सैल सुटतेच.

त्या संशोधनाचा पुढचा भाग तर आपल्या पिढीबद्दलच आहे. अभ्यासाच्या शेवटी शेवटी एका आयफोन ॲपमध्ये नवी सोय आली. उतारावर उभा असलेला माणूस तिथल्या तिथे लिहू लागला, की बाबांनो, इथे एवढा बर्फ नाही. त्यानंतर फुगवटा झपाट्याने कमी झाला, आणि ज्या रिसॉर्टवर फोनला रेंज चांगली होती तिथे विशेष कमी झाला. २०१६ मध्ये हे संशोधन अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं. मी ते वाचलं तेव्हा आधी हसू आलं. जिथे रेंज, तिथे सत्य! मग जरा खट्टू झालो. पकडले जाऊ म्हणून खरं बोलणारा प्रामाणिक म्हणायचा का? आणि रेंज गेली की तो काय करेल?

तरीही मी म्हणेन, की भीतीपोटी बोललेलं खरंही वाया जात नाही. ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग तेवढाच होतो. अडचण वेगळीच आहे. फोन खोटा आकडा पकडतो. पण अर्धवट खरं बोलणं तो पकडत नाही. आणि वसंतातला बर्फ हा अर्धवट खऱ्याचं माहेरघरच आहे.

त्याचं असं असतं. जानेवारीचा बर्फ दिवसभर साधारण एकसारखा राहतो. वसंतात मात्र दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. असं बरेच दिवस चाललं की बर्फाचे कण मोठे आणि गोलसर होतात. स्कीवाले त्याला 'कॉर्न' म्हणतात, मक्याच्या दाण्यांसारखा म्हणून. सकाळी आठला हाच उतार काचेसारखा कडक असतो. पडलात तर घसरतच जाल. साडेदहाला वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात आणि स्की लोण्यावर चालल्यासारखी चालते. एकनंतर त्याचीच ओली लापशी होते, पाय अडकतात, गुडघे पिळवटतात. उभ्या उतारावर हा भिजलेला बर्फ आपल्याच वजनाने सुटतो आणि ओला हिमलोट खाली येतो. जागा तीच, तारीख तीच, आणि दिवसभरात बर्फ तीन. यातल्या कुठल्या बर्फाबद्दल "आहे" म्हणायचं?

कोंगडोरीला मी तासाभरासाठी स्की भाड्याने घेतली होती. शिकवणारा माणूस पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. साडेबाराला मी त्याला म्हटलं, मजा येतेय, अजून दोन तास करू, पैसे देतो. तो नाही म्हणाला. "अब ये बर्फ आपको गिराएगी." मी म्हटलं, मग उद्या? त्याने आकाशाकडे पाहिलं. रात्री आभाळ उघडं राहिलं तर बर्फ गोठेल, मग सकाळी दहा ते बारा या. ढग राहिले तर येऊच नका. ढग पांघरुणासारखे असतात. जमिनीची ऊब वर निसटू देत नाहीत, मग बर्फ गोठत नाही आणि सकाळपासूनच राड असते. हे सगळं त्याने बूट सोडता सोडता सांगितलं. दोन तासांचे पैसे त्याने सोडले होते, आणि उद्याचेही बहुधा.

फोनवरचा माणूस आणि हा माणूस, दोघांचीही वाक्यं खरी होती. फरक एवढाच, की या माणसाने त्याचं वाक्य कुठपर्यंत खरं आहे तेही सांगितलं. कुठे, किती वाजेपर्यंत, कुणासाठी, आणि काय झालं तर खोटं ठरेल. मला वाटतं प्रामाणिकपणाची जागा इथे आहे. वाक्य खरं असणं हा त्याचा निम्मा भाग झाला. ते वाक्य ज्या अटींवर उभं आहे, त्या अटी समोरच्याच्या हातात देणं हा उरलेला निम्मा.

महाभारतात अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला, तेव्हा युधिष्ठिरही अक्षरशः खरंच बोलला होता. फक्त 'हत्ती' हा शब्द द्रोणांच्या कानापर्यंत पोहोचू दिला नाही. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी खाली टेकला. या गोष्टीतला मला बोचणारा भाग मात्र दुसराच आहे. द्रोणांनी विचारायला युधिष्ठिरालाच का गाठलं? कारण तो खोटं बोलत नाही अशी त्याची ख्याती होती. थापाड्याच्या अर्ध्या सत्यावर कुणी भरवसा ठेवत नाही. अर्धं सत्य चालतं ते विश्वासू माणसाच्याच तोंडून.

हे लिहिताना मला माझा फोटो आठवतो. अफरवटवर काढलेला, निळं आकाश, मागे पांढऱ्या शिखरांची रांग, दोन्ही हात पसरलेले. चिखल, रांग, खाली बसलेली आई, यातलं काही चौकटीत नव्हतं. मावसबहिणीने खाली लिहिलं, "अजून बर्फ आहे का रे दादा?" मी लिहिलं, "भरपूर! ये लवकर." ती दहा दिवसांनी सासू-सासऱ्यांना घेऊन गेली. तोवर कोंगडोरीचाही बर्फ आटला होता. एवढ्या लांब आलोच आहोत, तर दादा म्हणाला ते पाहूनच जाऊ, म्हणून सगळे दुसऱ्या टप्प्यावर गेले. वर सासऱ्यांना धाप लागली, घाम फुटला. लगेच खाली आणलं, तासाभरात बरं वाटलं. तिने रात्री फोन केला. ती रागावली नव्हती. "तुझ्या फोटोत किती छान दिसत होतं रे," एवढंच म्हणाली.

मी खोटं बोललो नव्हतो. आणि मला तर पोटाचाही प्रश्न नव्हता. माझ्या पदरात पडणार होते ते फक्त चार लाल बदाम. फोनवरच्या माणसाने निदान अनोळखी गिऱ्हाईकाला ते वाक्य ऐकवलं होतं. मी ऐकवलं ते मला दादा म्हणणाऱ्या बहिणीला. रेंज उत्तम होती, कॅमेरा खरा होता, तरी "वर" हा शब्द मी गिळलाच.

यावर कुणी म्हणेल, एवढ्या अटी सांगत बसलो तर कुणी कुठे जाणारच नाही. बरोबर आहे, आणि ऐकणारेही साळसूद नसतात. तिकिटं काढून झाल्यावर आपण विचारतो "बर्फ आहे का?" तेव्हा आपल्याला माहिती नकोच असते. आपल्याला "आहे" ऐकायचं असतं. प्रश्न असा विचारायचा की एकच उत्तर गोड लागावं, आणि मग उत्तर देणाऱ्याला लबाड म्हणायचं, हीही एक लबाडीच. मीसुद्धा त्या माणसाला आईच्या दम्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. त्याला माझ्या अटी ठाऊक नव्हत्या आणि मला त्याच्या. तरीही दोघांची जबाबदारी सारखी नाही. ज्याला डोंगर माहीत आहे, त्याने आधी बोलायला हवं. अट सांगितल्यावरही ज्याला जायचं तो जातोच; फरक एवढाच, की मग तो स्वतःच्या निर्णयाने जातो.

या मार्चमध्ये ऑफिसातल्या एका मित्राचा मेसेज आला. एप्रिलअखेरीस गुलमर्ग ठरतंय, तू जाऊन आलास ना, तेव्हा बर्फ असतो का? बोटं सवयीने "असतो की" लिहायला निघाली होती. ती थांबवली, आणि त्यालाच विचारलं, "कोण कोण येतंय बरोबर?"