सामायिक भिंत आणि स्वतःची शांतता

घराची भिंत कोणाची, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल. ज्याचे घर त्याची भिंत, असे कोणीही सांगेल. परंतु दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीला दोन तोंडे असतात आणि आपण तिच्या एकाच तोंडाशी राहतो. अलीकडे घरोघरी शिरू लागलेल्या एका सोयीमुळे हा प्रश्न आम्हांस नव्याने पडला. ती सोय म्हणजे भिंतीत खोदून बसविलेले ध्वनिशोषक चित्र. कापडावर चित्र छापतात, त्यामागे खनिज लोकरीचा दोन इंच जाडीचा थर देतात. असा फलक भिंतीवर टांगला तर पुढे आलेला दिसतो. म्हणून वीटकाम खोदून, तो गिलाव्याशी एकसपाट बसवावयाचा.

ही गरज खोटी नाही. बडोद्यातील जुन्या मराठी घरांत बैठकीवर गाद्या असत, लोड-तक्के असत, दारांना पडदे असत आणि माणसे तर असतच. आवाज पिऊन टाकण्याचे काम ही मंडळी न सांगता करीत. आजच्या सदनिकेत खाली गुळगुळीत फरशी, समोर काच, चारी बाजूंस रंगविलेला गिलावा आणि राहणारी माणसे तीन. गिलावा केलेली वीट आपल्यावर पडलेल्या ध्वनीपैकी जेमतेम दोन-तीन टक्के शोषते, उरलेला परत पाठवते. अशा खोलीत मुलीने तबला काढला की प्रत्येक बोल पुढच्या बोलावर सांडतो. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात हीच अडचण होती. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद विरत नसे. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने दुसऱ्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्रीच्या निवांत वेळी आणून मांडल्या आणि आवाज विरण्यास लागणारा काळ मोजला. खोलीचे घनफळ वाढेल तसा हा काळ वाढतो, शोषक पृष्ठ वाढेल तसा घटतो, हे त्यातून निघाले. आजचा चित्रफलक म्हणजे त्या गादीचाच सुबक वंशज. (कापडाला तोंड लावून फुंकर मारावी, वारा आरपार गेला तरच ते कामाचे. तैलरंगाने भरलेला कॅनव्हास कितीही सुंदर असला तरी ध्वनीच्या दृष्टीने भिंतच.)

येथवर तक्रारीस जागा नाही. घोटाळा होतो तो दोन निरनिराळ्या गोष्टी एक मानल्यामुळे. खोलीतील आवाज घुमू न देणे ही एक गोष्ट. आवाज पलीकडे जाऊ न देणे ही दुसरी. पहिलीसाठी सच्छिद्र, हलके द्रव्य लागते. दुसरीसाठी लागते वजन. भिंतीचे वजन निम्मे झाले की सुमारे पाच-सहा डेसिबल अधिक आवाज पलीकडे जातो. साडेचार इंची भिंतीत दोन इंच खोदले तर तेवढ्या भागात जवळजवळ हेच घडते, आणि खोदलेल्या जागी भरलेली लोकर विटेच्या वजनाची भरपाई करीत नाही. मग आपली खोली शांत झाल्याचे समाधान आपल्याला लाभते आणि पलीकडे आवाज पूर्वीहून स्पष्ट ऐकू येऊ लागतो.

यावर कोणी म्हणेल की फलकामुळे आमच्या खोलीतील आवाजच उतरला, तेव्हा शेजाऱ्याचाही लाभच झाला. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. खोलीतील एकूण शोषण दुप्पट झाले तर घुमणाऱ्या आवाजाची पातळी तीन डेसिबल उतरते. फलक भिंतीच्या एका भागापुरताच असल्याने लाभ-हानी मधल्या पट्टीत जवळपास बरोबरीची होईलही. परंतु दोन इंचांची लोकर खर्जाचे फारसे काही करीत नाही, आणि भिंती ओलांडतो तो मुख्यतः खर्जच. तबल्यातील चाट आपल्या खोलीत सौम्य होते. डग्ग्याची घुमक मात्र पलीकडच्या उशापर्यंत पोहोचते. म्हणजे या व्यवहारात लाभ सगळा आपला, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला बरे झाले तर शून्य. असा व्यवहार त्याला न विचारता करावा काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नको असलेला आवाज दुसऱ्याच्या कानी लादण्याचा अधिकार कोणासही नाही, असे बजावले. पण भिंत पातळ करणाऱ्याने आवाज वाढविलेला नसतो. त्याने फक्त आडोसा कमी केलेला असतो. बांधकामाची शिस्त याहून कडक आहे: भारवाही भिंतीत उभी खाच जाडीच्या एकतृतीयांशाहून आणि आडवी खाच एकषष्ठांशाहून खोल असू नये, आणि अर्ध्या विटेची भिंत तर खोदूच नये. चित्रासाठीचा चौकोन या खाचांहून कितीतरी मोठा. गवंड्याची छिन्नी विटेला किती हादरवते हे पलीकडच्या गिलाव्यावर दिसते, अलीकडे नाही.

आपल्या वाड्यांतही भिंतीत कोनाडे होते, असे कोणी सुचवील. होते, पण ते हात-दीड हात जाडीच्या भिंतीत, भिंत उभारतानाच राखलेले, आणि त्यात पणती ठेवायची म्हणून. कोनाड्यामागे भिंत शिल्लक उरे. साडेचार इंचांत उरते काय?

शेजाऱ्याची संमती घ्यावी, हा सोपा तोडगा आम्हांस पुरता पटत नाही. संमती देणाऱ्यास आपण काय देत आहोत ते कळत नसते. उद्या तो घर विकून जातो आणि नवा येणारा न दिलेल्या संमतीचे फळ भोगतो. उलट एक मार्ग सरळ आहे. भिंत आत खोदण्याऐवजी आपल्याच बाजूस लाकडी चौकट उभारावी, तिच्यावर जिप्समचे तक्ते ठोकावेत आणि त्यांच्या मोकळ्या चौकोनात फलक बसवावा. फलक तसाच एकसपाट दिसतो, मूळ वीट अखंड राहते. बारा फूट लांबीच्या भिंतीपुढे तीन इंच गेले तर जमिनीचे तीन चौरस फूट कमी होतात.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने मुलीच्या तबल्यासाठी असेच केले. सजावटकाराला ते रुचले नाही. तीन इंचांनी सोफा दाराला लागतो, असे त्याचे म्हणणे. सोफा बदलावा लागला. चौकोनात राजा रविवर्म्याच्या एका चित्राची छापील प्रत बसली आणि बोल आता सुटे ऐकू येतात. डग्गा मात्र अजूनही पलीकडे जातो. पलीकडच्या आजी साडेनऊला निजतात, म्हणून रियाज नऊला थांबतो. आणि एखाद्या दिवशी तो लवकर थांबला तर दुसऱ्या दिवशी आजीच विचारतात की मुलीला बरे नव्हते काय.