व्यायामगुरूची साक्ष

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि विद्यापीठांतील इतर वर्गांबरोबर शारीरिक शिक्षणाचे वर्गही मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर आले. इतिहासाचा प्राध्यापक पडद्यावरून बोलू लागला तर फार तर विषयाचा रंग फिका होतो. मल्लखांब किंवा कबड्डी शिकविणाऱ्याचे तसे नाही. प्रतिस्पर्ध्यास शिवणे हा तर कबड्डीचा प्राण, आणि त्या दिवसांत नेमका स्पर्शच निषिद्ध ठरला होता. अशा सत्राच्या अखेरीस शिक्षकाने प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत, हे नीतीस धरून झाले काय?

वकिली पेशामुळे आमचे मन प्रथम पुराव्याच्या कायद्याकडे वळते. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले सांगावे, ऐकीव सांगू नये, हा तेथला दंडक. परंतु २००३ साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य माध्यमातून दिलेली साक्षही ग्राह्य मानली. मग पडद्यावर पाहिलेला सूर्यनमस्कार हा पाहिलेलाच म्हणावयाचा!

आमच्या मते हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. न्यायाधीश साक्षीदाराचे शब्द ऐकतो. त्याला झेलत नाही. व्यायामशिक्षक झेलतो. कोलांटी घेणाऱ्या मुलाच्या मानेखाली, मल्लखांबावर उलट्या झालेल्याच्या कमरेशी त्याचा हात असतो. अंग कोठे आखडले, भीती कोठे दडली, हे त्या हाताला डोळ्यांआधी कळते. पडद्यावरून आज्ञा पोचते, हात पोचत नाही. म्हणून जिच्यात पडण्याचे भय आहे अशी आज्ञा त्या काळी शिक्षकाने देणे योग्य नव्हते. मग विद्यार्थ्याकडून संमतिपत्र लिहून घेतलेले का असेना. त्या कागदाचा उपयोग संस्थेला कोर्टात होईलही. मोडलेल्या मनगटाला त्याचा उपयोग नाही.

घराचीही गोष्ट आहे. मैदान सर्वांना सारखे, घर तसे नसते. दहा बाय दहाच्या खोलीत आजी अंथरुणावर, आई पोळ्या लाटते आहे, आणि मुलीने कॅमेऱ्यापुढे उड्या माराव्यात! तिने कॅमेरा बंद केला तर गैरहजेरी मांडावी काय? मुळीच नाही. मैदानावर यावयास ती बांधलेली होती. आपले घर दाखवावयास नव्हे.

(जाता जाता शुल्काविषयी. ३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील खासगी शाळांना त्या वर्षाच्या शुल्कात १५ टक्के सूट द्यावयास लावली. न पुरविलेल्या सोयींचे पैसे घेऊ नयेत, हे त्यामागील तत्त्व. निकाल शाळांपुरता होता. परंतु न शिकविता एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या द्रोणांची कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत; कुलूपबंद जिमखान्याचे शुल्क घेणाऱ्यांनी ती आठवावी.)

गुण अडवून ठेवले तर गरीब विद्यार्थ्याची नोकरी हुकते, असे कोणी म्हणेल. ही अडचण खरी आहे. म्हणून शिक्षकाने जे पाहिले तेवढ्याचे गुण अवश्य द्यावेत: नित्य सराव, शरीरशास्त्राचे ज्ञान, आसनांतील रेखीवपणा. जे पाहिले नाही त्यापुढे मात्र तसे स्पष्ट लिहावे आणि मैदान उघडल्यावर ते करून घ्यावे. कारण या पदव्या घेऊन पुष्कळजण शिक्षकच होतात; १९५७ साली ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने निघालेली संस्था याच कामासाठी आहे. आपल्या प्रमाणपत्रावर विसंबून एखादी शाळा त्या तरुणाला नेमील, आणि दहा वर्षांचा एक मुलगा त्याच्या भरवशावर मल्लखांबावर चढेल. त्या मुलाने कोणतेही संमतिपत्र लिहून दिलेले नसते.