कोण कोणाच्या मागे?

सोलापूरहून वाडीच्या दिशेने निघालेली गाडी होटगी, अक्कलकोट रोड ही स्थानके मागे टाकून दुधनीला पोहोचते, तेव्हा डब्यातील बोलणे मराठीतून कन्नडमध्ये केव्हा शिरले हे प्रवाशाच्या ध्यानीही येत नाही. महाराष्ट्राचे हे टोक. पुढे कर्नाटक, गाणगापूर, कलबुर्गी. अक्कलकोट तालुक्यातील हे गाव नगरपरिषदेचे आहे, पण त्याची खरी ओळख धान्याच्या बाजारपेठेची. तुरीच्या हंगामात तेथील हवेलाही कोंड्याचा वास असतो.

माझा एक जुना विद्यार्थी तेथे अडतीचा व्यवसाय करतो. गेल्या हंगामात त्याच्याकडे दोन दिवस राहण्याचा योग आला. रात्री जेवणे आटोपल्यावर तो जरा संकोचूनच म्हणाला, "सर, तुम्ही आमच्या धाकट्याला काही समजावून सांगा. माझं तो ऐकत नाही, आणि त्याचं चुकतं आहे असंही मला धडपणे म्हणता येत नाही."

धाकटा एकोणीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याने इन्स्टाग्रामवर खाते उघडले. आरंभी तो बाजारातील सौद्यांची, आठवडी बाजाराची, पहाटेच्या रेल्वे स्थानकाची लहान लहान चलच्चित्रे टाकीत असे. ती पाहणारे तीनचारशे लोक. त्यांतील बहुतेक नोकरीधंद्यासाठी पुण्यामुंबईकडे गेलेले दुधनीकरच. कोणी लिही, "हे तर आमचं दुकान", कोणी विचारी, "यंदा भाव काय फुटला?" तोही प्रत्येकाला उत्तर देई.

मग एके दिवशी बाजाराच्या आवारात पोते पाठीवर घेतलेला एक वृद्ध हमाल गुडघ्यावर कोसळला आणि पुन्हा उठला. हे सारे सहासात सेकंदांचे. मुलाच्या हाती फोन होता. त्याने त्या दृश्याखाली एका करुण गाण्याची धून लावली, वर हिंदीत एक ओळ लिहिली आणि ते टाकून दिले. काही लाख लोकांनी ते पाहिले, आणि महिन्याभरात तीनचारशेंचे एकोणीस हजार झाले.

"सर, लोक रडले," मुलगा मला म्हणाला. "कितीतरी जणांनी लिहिलं की वडिलांची आठवण आली. मी कोणाला फसवलं नाही, खोटं काही दाखवलं नाही. यात वाईट काय केलं?"

वाचकहो, चाळीस वर्षे वर्गात उभे राहूनही मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. आजही ते पुरते सुचले आहे असे नाही. परंतु प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा लेख.

आपण ख्रिस्ती माणसे या प्रश्नावर एक उत्तर पटकन देतो, आणि तिथेच अडकतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू सांगतो की दिवा लावून कोणी तो मापाखाली झाकून ठेवीत नाही, लोकांनी तुमची सत्कृत्ये पाहावीत. एकच अध्याय पुढे तोच प्रभू सांगतो की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, दान करताना कर्णे वाजवू नका. दिवा झाकायचा नाही आणि कर्णाही वाजवायचा नाही! प्रवचनकार म्हणतात की भेद हेतूमध्ये आहे. बरोबर, पण स्वतःचा हेतू माणसाला कळतो कसा?

संत ऑगस्टिनला ही अडचण सोळाशे वर्षांपूर्वी जाणवली होती. आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात तो एकेका मोहाची तपासणी करीत स्तुतीच्या मोहाशी येतो आणि थबकतो. पैशावाचून आपण राहू शकतो का, हे पैसा सोडून पाहता येते. स्तुतीवाचून राहू शकतो का, हे कसे पाहावे? स्तुती थांबावी म्हणून वाईट वागायला सुरुवात करावी काय? आणि पुढे जाऊन तो म्हणतो की कीर्तीचा तिटकारा मिरवण्यातही माणूस कीर्तीच शोधीत असतो. या विषयावर इतके निर्दय आणि प्रामाणिक लिखाण माझ्या वाचनात दुसरे नाही.

तथापि ऑगस्टिनला एक सवलत होती. प्रवचन संपवून तो घरी गेला की किती जणांना ते आवडले याचा आकडा त्याच्या उशाशी येत नसे. आज येतो. किंबहुना आकडा नुसता येत नाही, तो पुढचे काम ठरवतो.

हे यंत्र कसे चालते ते त्या मुलानेच मला समजावले. ६ ऑक्टोबर २०१० रोजी केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर या दोन तरुणांनी अमेरिकेत इन्स्टाग्राम सुरू केले, तेव्हा ते ओळखीच्यांना छायाचित्रे दाखवण्याचे साधन होते. दोन वर्षांत फेसबुकने ते विकत घेतले. २०१६ पर्यंत ज्याने जे ज्या वेळी टाकले ते त्याच क्रमाने दिसे. त्यानंतर कोण काय पाहत थांबेल याचा अंदाज बांधून यंत्रच क्रम लावू लागले. २०२० च्या जूनमध्ये आपल्या देशात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे रील आणले. आता नियम थोडक्यात असा: पहिल्या दोनतीन सेकंदांत पाहणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे, त्याने शेवटपर्यंत पाहिले पाहिजे, आणि दुसऱ्याला पाठवले पाहिजे. यासाठी रोज काहीतरी टाका, एकच विषय धरून राहा, अभिप्रायांना उत्तरे द्या, असा उपदेश करणारेही पुष्कळ आहेत. पैसे मोजून खोटे अनुयायी विकत घेणारे आहेत, त्यांच्याविषयी बोलण्यासारखे काही नाही. प्रश्न खऱ्यांचा आहे. हा सारा खटाटोप कशासाठी, असे मी विचारले. मुलगा म्हणाला, "माणसं गुंतून राहावीत म्हणून."

गुंतणे हा शब्द आपल्या भाषेने मोठा नेमका घडवला आहे. आई लेकरात गुंतते, वाचक पुस्तकात गुंततो, आणि मासा जाळ्यात गुंततो. जाळे टाकणाऱ्याचाही हात कधी कधी दोरीत गुंततो, हे मात्र कोळ्यालाच ठाऊक.

कारण पुढे घडले ते असे. हमालाच्या चित्रानंतर मुलाने पुन्हा तुरीचा सौदा टाकला. एकोणीस हजारांतील मोजक्यांनी तो पाहिला. त्यांना तुरीचे काय? ते अश्रूंसाठी आले होते. मग त्याने भाजी विकणाऱ्या एका अंध बाईचे चित्र घेतले, फलाटावर अनवाणी फिरणाऱ्या पोराचे घेतले. एकदा थंडीत घोंगडी वाटली, तीही फोन समोर धरून. घोंगड्या खऱ्या होत्या, थंडी खरी होती, ज्यांना मिळाल्या त्यांना ऊबही खरी मिळाली. पण त्याच्या वडिलांनी मला हळूच सांगितले, "गावात आता कोणी म्हातारं माणूस त्याच्यासमोर निवांत बसत नाही, सर."

घरी कन्नड बोलणारा, मराठी शाळेत शिकलेला हा मुलगा आता हिंदीत लिहितो. पूर्वीचे तीनचारशे दुधनीकर त्याच्याशी बोलेनासे झाले आहेत. मला प्रश्न पडला तो हा: एकोणीस हजार लोक या मुलाच्या मागे चालले आहेत, की हा त्यांच्या मागे?

हा प्रश्न केवळ दुधनीचा नाही. पुण्याचा अथर्व सुदामे हा विनोदी रीलसाठी घराघरांत ठाऊक असलेला तरुण. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, मुसलमान मूर्तिकाराकडून गणेशमूर्ती घेणाऱ्या ग्राहकाची सलोख्याची गोष्ट त्याने एका रीलमध्ये सांगितली. काहींनी तीव्र आक्षेप घेतला. त्याने ते काढून टाकले व क्षमा मागितली. मग काढले का, म्हणून दुसऱ्या बाजूचे लोक हळहळले. मी त्याला दोष देणार नाही. त्याच्या जागी मी काय केले असते हे मला माहीत नाही. पण मोठा अनुयायीवर्ग माणसाला निर्भय करतो ही समजूत त्या आठवड्यात माझ्यापुरती संपली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण हा आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला गरीब घरचा मुलगा. कोणत्या निर्मात्याने त्याला दारात उभे केले असते? टिकटॉकवर त्याच्या बोलीवर लोक हसले आणि लुब्धही झाले. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी 'बिग बॉस'च्या पाचव्या पर्वाचा तो विजेता ठरला. जी दारे आमच्या पिढीने शिक्षणाच्या नावाने बंद ठेवली होती, ती या साधनाने उघडली. म्हणून जे सुशिक्षित रील हा शब्द उच्चारतानाच नाक मुरडतात त्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. आपली ख्रिस्तसभाही बसलेली नाही. १९ मार्च २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी स्वतःचे इन्स्टाग्राम खाते उघडले आणि बारा तासांच्या आत दहा लाख लोक त्यांचे अनुयायी झाले. पहिले चित्र होते गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या पोप महोदयांचे, आणि सोबतची विनंती होती, माझ्यासाठी प्रार्थना करा.

अनुयायी हा शब्द शुभवर्तमानात किती वेळा येतो आणि त्याचे वागणे किती चंचल आहे, हे संत योहानाचा सहावा अध्याय वाचताना कळते. भाकरी खाऊन तृप्त झालेला पाच हजारांचा समुदाय प्रभूला राजा करू पाहतो. तो एकटाच डोंगरावर निघून जातो. दुसऱ्या दिवशी ते त्याला शोधत येतात, तेव्हा तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरीसाठी आलात. मग तो जे बोलतो ते त्यांना जड जाते आणि पुष्कळजण सोडून जातात. तो शब्द मागे घेत नाही. उरलेल्या बारांनाही विचारतो, तुम्हीही जाणार काय? अनुयायी वाढवण्याचे शास्त्र शिकवणाऱ्या कोणत्याही गुरूने या अध्यायाला शून्य गुण दिले असते.

पण लोकांच्या आवडीकडे पाठ फिरवणे हाही मार्ग नव्हे. फादर स्टीफन्सची गोष्ट आपल्याला परिचित आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाकडे नवख्रिस्ती मंडळींनी मागणी केली की आमची पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्हाला काही द्या. त्याने मागणी ऐकली. लोकांना जी भाषा, जी ओवी, जे श्रवणाचे सुख हवे होते ते सारे त्याने दिले, आणि १६१६ मध्ये दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. श्रोत्यांनी रूप मागितले, ते त्याने त्यांच्याकडून घेतले; काय सांगायचे ते मात्र त्यांना विचारून ठरवले नाही. दुधनीच्या मुलाचे उलटे झाले आहे. श्रोत्यांनी त्याला आशय दिला, आणि रूप त्याला यंत्राने दिले. मग त्याचे स्वतःचे त्यात काय उरले?

आणि त्या हमालाचे काय? लाखोंनी त्याच्यासाठी हळहळ व्यक्त केली. त्याच्या पाठीवरील पोत्याचे वजन अर्धा किलोनेही घटले नाही. पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांची पंचायत उभी केली, तेव्हा फोन नव्हते. माथाडी, हमाल आणि इतर अंगमेहनती कामगारांसाठी १९६९ चा कायदा महाराष्ट्रात झाला तो कोणाच्या कळवळ्याच्या आकड्यांनी नव्हे. एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे एकत्र आल्याने. कळवळा खोटा होता असे मी म्हणत नाही. अंगठा पुढे सरकताच तो संपत होता, इतकेच. २०२३ साली व्हॅटिकनने समाजमाध्यमांवर जे चिंतन प्रसिद्ध केले त्याच्या केंद्रस्थानी दयाळू शोमरोन्याचा दाखला आहे. मला वाटत राहिले, त्या वाटेवर शोमरोनी थांबला, त्याऐवजी थांबून त्याने चित्र घेतले असते तर जखमी माणूस जगभर पोहोचला असता, फक्त धर्मशाळेत पोहोचला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला घेऊन बाजाराच्या आवारात गेलो. तो वृद्ध हमाल चहाच्या टपरीवर बसला होता. मला कन्नड जेमतेम समजते, म्हणून बोलणे मुलाच्या मध्यस्थीने झाले. "अज्जा, तुम्ही ते पाहिलंत का, असं सर विचारतात." नातवाने दाखवले होते. मग अज्जा थोडे बोलले. मुलगा गप्प राहिला. "काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हणतात," तो खाली पाहत म्हणाला, "पडलो तेवढं दाखवलं. त्यानंतर त्या दिवशी मी अजून चाळीस पोती उचलली, ते नाही दाखवलं."

अज्जांचा राग नव्हता. त्यांनी आमच्या दोघांसाठी चहा सांगितला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत. एवढे मात्र विचारले की यातून पोराला काही मिळाले का. मुलाने मान हलवली. अजून काही नाही.

ते चित्र त्याने अद्याप काढलेले नाही. काढले तर एकोणीस हजारांतील किती राहतील, हा त्याचा प्रश्न आहे, आणि मी त्याला 'काढ' असे सांगितले नाही. सांगण्याचा अधिकार मला कुठे? या त्रैमासिकात माझा लेख आला की पुढल्या अंकात वाचकांची पत्रे कोणाला आली हे मी पहिल्यांदा पाहतो. एका अंकात माझ्या लेखावर तीन पत्रे आली होती. त्यानंतरचे दोन लेख मी नकळत त्याच सुरात लिहिले, हे माझ्या पत्नीने दाखवून दिले तेव्हा मला समजले. तीन पत्रांनी माझे हे होत असेल तर एकोणीस हजारांनी त्या पोराचे काय होईल?

परतीच्या गाडीला तो मला सोडायला स्थानकावर आला. फलाटावर त्याने सवयीने फोन काढला, समोरच्या रिकाम्या रुळांकडे धरला, आणि मग काही न करता खिशात ठेवला. की बॅटरी संपली होती, ठाऊक नाही. मी या विषयावर लिहिणार आहे, असे त्याला सांगितले होते.

"सर, त्यात माझं नाव घालू नका," तो म्हणाला.

"नाही घालणार."

गाडी हलल्यावर तो डब्याबरोबर चार पावले चालला. "पण दुधनीचं घाला!"