साक्षीदारांची वंशावळ

एखाद्या विधानास दहा ग्रंथांचा आधार आहे असे म्हटले, की विद्यार्थीच काय, त्याचे मार्गदर्शकही निश्चिंत होतात. परंतु ते दहाही ग्रंथकार कुणा एका अकराव्याचेच म्हणणे उतरवून घेत असतील, तर आपल्यापाशी साक्षीदार एकच उरतो, आणि तोही कदाचित ऐकीव माहितीवर बोलणारा, ही साधी गोष्ट आपल्या पदव्युत्तर वर्गांत क्वचितच शिकविली जाते. संशोधनपद्धतीच्या पेपरात प्राथमिक व दुय्यम साधनांच्या व्याख्या पाठ करून गुण मिळतात. ग्रंथालयाचा परिचय म्हणून जो एक तास होतो, त्यात दंडाचे नियम मात्र तपशीलवार सांगितले जातात.

वास्तविक या विद्येचा एक थोर पाठ पुण्यातच घालून दिलेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य आरंभिले आणि १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्याची सूत्रे घेतली, तेव्हा शारदेपासून मलयाळमपर्यंत नाना लिप्यांतील पोथ्यांचा मुकाबला करण्यासाठी घरे आखलेले कागद सिद्ध करण्यात आले. कागदाच्या माथ्यावर प्रचलित पाठाचा श्लोक अक्षर अक्षर सुटे करून मांडावयाचा, आणि पोथीत जेथे फरक पडेल तेथे तो त्याच अक्षराखालच्या घरात नोंदावयाचा. काम दिसावयास निव्वळ कारकुनी. पण कोणती पोथी कोणत्या घराण्यातली, कोणी कोणाची नक्कल केली, हे त्या घरांतूनच उमगत जाई.

बहुमत घेतले असते तर निकाल सोपा होता, कारण देवनागरी पोथ्या विपुल होत्या आणि सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठाने स्वीकारलेला पाठ पुढे छापखान्यांमुळे सर्वतोमुखी झाला होता. परंतु सुखठणकरांनी डोकी मोजली नाहीत. देवनागरी पोथ्यांत अनेक परंपरांची सरमिसळ झालेली आहे हे ओळखून त्यांनी काश्मीरकडील खंडित भूर्जपत्रालाही थोर मान दिला. आणि काश्मीर व केरळ ही दोन टोके, ज्यांना एकमेकांची नक्कल करण्याचा संभव अत्यल्प, जेथे एकमुखाने बोलतात, तेथे पाठ प्राचीन मानला. याच न्यायाने गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची आबालवृद्धांच्या तोंडी असलेली कथा मूळ संहितेतून उठून परिशिष्टात गेली. ती फेकून दिली गेली नाही, हेही ध्यानात घ्यावे. त्याज्य ठरलेले पाठ तळाशी छापले आहेत, म्हणून ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नसेल त्याने स्वतः शहानिशा करावी.

इतिहासाच्या क्षेत्रात शिवजन्माच्या तिथीचे उदाहरण प्रसिद्धच आहे. बखरींच्या परंपरेतून १६२७ हे साल रूढ झाले होते. पुढे १९१६ साली प्रकाशित झालेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही मिती आढळली आणि कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही तीच सांगितली. एक देशमुखी घराण्यातील टिपण, दुसरे राजाश्रयातील संस्कृत काव्य. दोहोंचा हेतू भिन्न, प्रकृती भिन्न, आणि म्हणूनच त्यांच्या एकमताला वजन.

आजच्या विद्यार्थ्यापुढे माहितीचा तुटवडा नाही. त्याच्यापुढील संकट नकलांचे आहे. एका संकेतस्थळावरचा परिच्छेद दुसऱ्यावर जातो, तेथून वृत्तपत्रात, वृत्तपत्रातून विकिपीडियाच्या तळटीपेत, आणि मग मूळ संकेतस्थळ त्याच विकिपीडियाचा हवाला देऊन स्वतःवरच मोर्तब करून घेते! त्यात आता मागाल ती संदर्भसूची तत्परतेने रचून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांतील काही ग्रंथ कोणत्याही ग्रंथालयात मिळत नाहीत, याचे साधे कारण ते कोणी लिहिलेलेच नसतात. अशा वेळी शोधयंत्राची कळ दाबण्याचे कौशल्य शिकविणे फारसे उपयोगी नाही, ते मुलांना आपल्यापेक्षा अधिक येते. ‘हे याने कोठून घेतले?’ हा प्रश्न, पुढे वाट उरत नाही तोवर विचारीत राहणे, आणि जेथे मूळ पाहावयास मिळाले नाही तेथे ‘अमुकाच्या आधारे’ असे निःसंकोच लिहिणे, हे शिकवावे लागेल.

त्यासाठी नवा अभ्यासक्रम, नवी समिती यांची गरज मला वाटत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी प्रबंधातील कोणतीही एक तळटीप उचलावी आणि ‘हे पान आणून दाखवा’ एवढेच म्हणावे. प्रथम वर्षी मार्गदर्शकांचीही थोडी धावपळ होईल, ती होऊ द्यावी.